सभेला शिस्त लावणारा अभियंता

व्हेलच्या शिकारीवर श्रीमंत झालेले न्यू बेडफर्ड हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे एक बंदर. १८६३ साली तेथील फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये एक सभा भरली. यादवी युद्ध ऐन भरात होते आणि गावातली मने आधीच तापलेली होती. या सभेचे अध्यक्षस्थान एका पंचविशीतील लष्करी अभियंत्याकडे अचानक चालून आले. बंदराच्या रक्षणासाठी किल्ला बांधण्याच्या कामावर तो तेथे आलेला होता. सभा चालवण्याचा त्याला काडीचाही अनुभव नव्हता. नकार देणे अधिक अवघड वाटले म्हणून तो खुर्चीवर बसला आणि सभा आपसूक चालेल, अशी आशा करत राहिला. सभा चालली नाही. कोण कशावर बोलतो आहे, कोणत्या ठरावावर आधी मत घ्यायचे, हे कोणालाच उमगेना आणि गोंधळाला पारावार राहिला नाही. बाहेर पडताना त्या अधिकाऱ्याने मनाशी खूणगाठ बांधली, की सभाशास्त्राची थोडी तरी माहिती झाल्याखेरीज पुन्हा कोणत्याही सभेची पायरी चढायची नाही.

या अधिकाऱ्याचे नाव हेन्री मार्टिन रॉबर्ट. पुढे त्यांनी लिहिलेले 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' हे पुस्तक अमेरिकेतील चर्च, क्लब, कामगार संघटना, शिक्षक-पालक संघ आणि घरमालकांच्या संघटना यांचा जणू पंच होऊन बसले. कुंपणाची उंची, वार्षिक वर्गणी, पोहण्याच्या तलावाची वेळ यांवरून जेव्हा तेथील शेजारी एकमेकांसमोर उभे ठाकतात, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी निवर्तलेला हा सेनाधिकारी मध्ये येतो. त्यातही एका प्रश्नावर त्याला वारंवार साक्षीला बोलावले जाते. एकदा मतदान होऊन निकाली निघालेला विषय पुन्हा उकरून काढता येतो का?

रॉबर्ट यांचा जन्म २ मे १८३७ रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील रॉबर्टव्हिल येथे झाला. गावाचे नावच मुळी घराण्यावरून पडलेले. फ्रान्समधून धर्मछळाला कंटाळून आलेल्या ह्यूगनॉट कुटुंबांपैकी हे एक. वडील जोसेफ थॉमस रॉबर्ट हे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. गुलामांच्या श्रमांवर उभ्या असलेल्या या मुलखात राहूनही गुलामगिरी त्यांना पटत नव्हती आणि हेन्री लहान असतानाच त्यांनी बिऱ्हाड उत्तरेकडे, ओहायो राज्यात हलवले. युद्धानंतर याच जोसेफ रॉबर्ट यांनी जॉर्जियात मुक्त कृष्णवर्णीयांसाठी चालवलेल्या शाळेचे प्रमुखपद १८७१ मध्ये स्वीकारले. पुढे मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर जेथे शिकले, ते मोअरहाउस कॉलेज म्हणजे त्याच शाळेचे आजचे रूप. रॉबर्टव्हिल मात्र युद्धाच्या वणव्यातून सुटले नाही. १८६५ च्या प्रारंभी जनरल शर्मन यांच्या फौजेने ते जाळले.

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून हेन्री १८५७ मध्ये चौथ्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. हुशार पदवीधरांची रवानगी त्या काळी अभियंता दलात होत असे; त्यांचीही झाली. पश्चिम किनाऱ्याकडे जाताना पनामाच्या संयोगभूमीत त्यांना तापाने गाठले आणि तो ताप पुढे वर्षानुवर्षे उलटत राहिला. १८५९ मध्ये ते सान हुआन बेटावर होते. एका अमेरिकन शेतकऱ्याने ब्रिटिश हडसन्स बे कंपनीचे डुक्कर गोळी घालून मारले आणि त्यावरून दोन देशांच्या फौजा समोरासमोर ठाकल्या, तो हा प्रसंग. डुकराखेरीज कोणाचाच बळी न घेता ते भांडण मिटले. रॉबर्ट यांनी तेथे उभारलेल्या मातीच्या तटबंदीला आजही त्यांच्या नावाने ओळखतात. त्या बेटावर पहिल्यांदा उतरलेल्या अमेरिकन तुकडीचे कॅप्टन पिकेट यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूला गेले. दक्षिणेतच जन्मलेले रॉबर्ट मात्र उत्तरेकडेच राहिले. वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाच्या संरक्षणाची कामे करून ते न्यू बेडफर्डला पोचले आणि तेथे ती सभा घडली.

त्या फजितीनंतर त्यांनी काही मोजके नियम एका कागदावर उतरवले आणि तो कागद पाकिटात ठेवला. कोणत्या ठरावावर चर्चा करता येते, कोणत्यावर नाही, कोणाचा क्रम आधी, बस इतकेच. प्रकरण येथेच थांबले असते. परंतु १८६७ मध्ये मेजर म्हणून त्यांची बदली सान फ्रान्सिस्कोला झाली. सोन्याच्या ओढीने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आलेले ते शहर होते. प्रत्येक जण आपल्या गावची सभेची रीत बरोबर घेऊन आला होता आणि तीच खरी संसदीय पद्धत, असे प्रामाणिकपणे मानत होता. त्यामुळे वाद मूळ विषयावर कमी आणि रीतीवर अधिक होत. रॉबर्ट यांनी उपलब्ध ग्रंथ चाळले. सिनेटचे अध्यक्षस्थान सांभाळताना थॉमस जेफरसन यांनी सिद्ध केलेली १८०१ सालची नियमपुस्तिका होती, मॅसॅच्युसेट्सच्या ल्यूथर कशिंग यांचे १८४५ सालचे लोकप्रिय पुस्तक होते. दोन ग्रंथ एकमेकांशी जुळत नव्हते आणि प्रतिनिधीगृहाचा प्रत्यक्ष व्यवहार दोहोंपेक्षा वेगळाच होता. शिवाय हे सारे महिनोन्महिने बसणाऱ्या कायदेमंडळांसाठी होते. महिन्यातून एकदा, संध्याकाळी दोन तास जमणाऱ्या मंडळाने काय करायचे? रॉबर्ट यांनी १८६९ मध्ये आपल्या परिचयातील संस्थांसाठी एक छोटी पुस्तिका छापून घेतली. ती अर्थातच पुरेशी नव्हती.

मोठे पुस्तक लिहिण्याची सवड त्यांना मिळाली ती हवामानाच्या कृपेने. ते मिलवॉकी येथे नेमणुकीवर असताना १८७४ चा हिवाळा कडक पडला, मिशिगन सरोवरावरची कामे थंडावली आणि हाती काही महिने रिकामे आले. पुस्तक तयार झाले, पण प्रकाशकाने नकार दिला. तेव्हा त्यांनी पदरमोड करून मिलवॉकीतील एका छापखान्यात ४००० प्रती छापायला घातल्या. छापखान्यापाशी खिळे इतके थोडे, की एका वेळी सोळा पाने जुळवायची, छापायची, खिळे मोकळे करायचे आणि पुढच्या सोळा पानांना हात घालायचा. पत्नी हेलन यांनी सुचवले, की नियमांच्या जोडीला सभेचा गंधही नसलेल्या माणसासाठी सोपा भाग हवा. अध्यक्षाने काय म्हणायचे, सभासदाने उभे कसे राहायचे, इतक्या प्राथमिक गोष्टी सांगणारा. तो जोडला गेला आणि पुस्तकाच्या यशात त्याचा वाटा लहान नाही. शिकागोच्या एस. सी. ग्रिग्ज या प्रकाशकाने अखेर १९ फेब्रुवारी १८७६ रोजी पुस्तक बाजारात आणले. किंमत ७५ सेंट. १००० प्रती रॉबर्ट यांनी देशभरातील जाणकारांना फुकट पाठवल्या. छापलेल्या प्रती दोन वर्षे पुरतील, असा त्यांचा हिशेब होता. त्या चार महिन्यांत संपल्या.

या पुस्तकात त्यांनी जुन्या नियमांची केवळ नक्कल केली नाही. प्रतिनिधीगृहात साध्या बहुमताने चर्चा बंद पाडता येत असे. रॉबर्ट यांनी सामान्य संस्थांसाठी दोन तृतीयांश मतांची अट घातली. बहुमताला निर्णयाचा हक्क आहे, परंतु अल्पमताचे बोलणे तोडायचे तर त्यासाठी नुसते बहुमत पुरणार नाही, असा त्यामागचा तोल होता. झालेल्या निर्णयाला पुन्हा हात घालण्याच्या नियमांतही हाच तोल दिसतो आणि तेथे तो अधिक नाजूक आहे.

ब्रिटिश संसदेची परंपरा याबाबत करडी आहे. एकदा निकाली निघालेला प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा मांडता येत नाही. भारताच्या लोकसभेचे नियमही याच वळणाचे आहेत. फेरविचाराचा प्रस्ताव ही अमेरिकन कायदेमंडळांत रुजलेली चाल. घाईत, अपुऱ्या माहितीवर किंवा भावनेच्या भरात मत दिले गेले, तर ते सुधारण्याची एक संधी सभेला असावी, हा तिचा हेतू. मात्र ही संधी मोकाट सोडली, तर हरलेला पक्ष दर दहा मिनिटांनी तोच विषय उकरून काढील आणि सभा जागची हलणार नाही. म्हणून फेरविचाराचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार फक्त जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या सभासदाला. ठराव संमत झाला असेल, तर होकार देणाऱ्याला. फेटाळला गेला असेल, तर नकार देणाऱ्याला. अनुमोदन कोणीही द्यावे. प्रस्ताव त्याच दिवशी किंवा लगतच्या दुसऱ्या दिवशी यायला हवा. दोन तासांत उरकणाऱ्या मासिक सभेच्या बाबतीत याचा व्यवहारातला अर्थ असा, की सभा संपली की फेरविचाराचे दारही बंद.

यातली खुबी पाहण्यासारखी आहे. हरलेल्याला आपली बाजू पटलेलीच असते. त्याने पुन्हा मागणी केली यात नवे काही नाही. पण जिंकलेल्यांपैकी एकाचे मन पालटले, तर निकाल खरोखरच बदलण्याचा संभव असतो आणि सभेचा वेळ त्यावर खर्च करण्यात अर्थ असतो. हरलेल्या सभासदाने आदळआपट करण्याऐवजी समोरच्या बाकावरील एकाचे मन वळवावे, असे हा नियम न बोलता सुचवतो. मुरलेल्या सभापटूंनी यातही वाट शोधलीच. आपली बाजू पडणार हे दिसू लागले, की ते मत फिरवून जिंकणाऱ्यांत सामील होतात आणि मग फेरविचार मागण्यास मोकळे! नियमाच्या अक्षरात हे बसते. त्याच्या आशयात बसते का, यावर सभासदांनी खुशाल वाद घालावा.

सभेला जे आलेच नाहीत, त्यांचे काय? घरमालकांच्या संघटनांत तंटा बहुतेक वेळा येथेच पेटतो. समजा, एखाद्या वसाहतीत दोनशे घरे आहेत आणि पावसाळी रात्रीच्या सभेला कोरम कसाबसा भरला आहे. एवढ्या थोड्यांनी प्रवेशद्वारापाशी असलेली जुनी झाडे तोडायचे ठरवले. सकाळी बाकीच्यांना ते कळते. त्यांनी जिंकलेल्या बाजूने मत दिलेले नसल्याने फेरविचार मागण्याचा त्यांना अधिकार नाही, आणि मुदतही सरलेली. अशा प्रसंगासाठी रॉबर्ट यांच्या पुस्तकात एक वेगळे हत्यार होते. फेरविचाराचा प्रस्ताव मांडून तो इतिवृत्तात नोंदवायचा. असा प्रस्ताव निर्णयाच्याच दिवशी आणावा लागे, त्यावरची चर्चा दुसऱ्या एखाद्या दिवशी होई आणि तोवर मूळ निर्णयाची अंमलबजावणी थांबे. थोड्या हजेरीचा फायदा घेऊन कोणी निर्णय रेटून नेऊ पाहत असेल, तर सभागृहात बसलेला एखादा सावध सभासद घरी राहिलेल्यांचा कैवार घेऊ शकत असे. त्यासाठी त्याला आधी नावडत्या बाजूने मत द्यावे लागे, ही गोष्ट वेगळी.

एवढेही जमले नाही, तर उरतो निर्णय रद्द करण्याचा ठराव. तो कोणीही, कितीही काळाने आणू शकतो. याच ठिकाणी रॉबर्ट यांनी स्वतःच्याच जुन्या निर्णयाचा फेरविचार केला. १८७६ च्या पुस्तकात रद्द करण्याचा ठराव हा इतर कोणत्याही नव्या ठरावासारखा मानलेला होता. म्हणजे शंभर जणांनी भरल्या सभेत ठरवलेली गोष्ट पुढच्या महिन्यात जमलेल्या वीस जणांपैकी अकरा जण, कोणाला कानोकान खबर न लागता, मोडून टाकू शकत होते. हा दोष वापरातून पुढे आला. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून संस्थांचे पदाधिकारी त्यांना आपल्या सभांतील पेच कळवत आणि तोड विचारत. या प्रश्नांचा ढीग साठत गेला आणि त्यातून १९१५ ची संपूर्ण सुधारित आवृत्ती उभी राहिली. तीत नियम बदलला. आधीच्या सभेत किंवा सभेच्या निमंत्रणात पूर्वसूचना दिलेली असेल, तर साधे बहुमत पुरे. सूचना नसेल, तर दोन तृतीयांश मते हवीत, किंवा संस्थेच्या एकूण सभासदसंख्येचे बहुमत हवे. सकाळी जागे झालेल्या त्या घरमालकांना यात खरा आधार आहे. त्यांनी पुढच्या सभेची सूचना द्यावी, माणसे जमवावीत आणि मोजणीत जिंकावे. मात्र जे घडून गेले, ते रद्द होत नाही. ठेकेदाराशी झालेला करार नंतरच्या मतदानाने पुसला जात नाही आणि तोडलेले झाड पुन्हा उभे राहत नाही.

फेटाळलेल्या ठरावाचे तर याहून सोपे आहे. तो पुढच्या सभेत नव्याने मांडता येतो. गेल्या वेळी हरलात, आता बोलायचे नाही, असे एखादा अध्यक्ष दरडावतो तेव्हा रॉबर्ट यांच्या नावावर तो भलतेच काही खपवत असतो. तसेच, रॉबर्ट यांचे नियम राज्याचा कायदा आणि संघटनेचे स्वतःचे पोटनियम यांच्या खालच्या पायरीवर येतात, याचाही अनेकांना विसर पडतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने घरमालक संघटनांच्या सभासदांच्या सभा मान्यताप्राप्त संसदीय पद्धतीने चालवणे आवश्यक केले आहे; ती पद्धत रॉबर्ट यांचीच असावी, असे म्हटलेले नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी याच प्रश्नाचे उत्तर आणखी निराळ्या तऱ्हेने दिले आहे. तेथे मूळ ठरावानंतर सहा महिने लोटल्याखेरीज तो रद्द करणारा ठराव सर्वसाधारण सभेपुढे आणता येत नाही. रॉबर्ट यांनी भर दिला तो सूचनेवर आणि मतांच्या संख्येवर. येथे भर आहे काळावर. पार्किंगच्या वाटपावरून रात्री बारापर्यंत रंगलेली सभा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना सहा महिन्यांच्या या विसाव्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इतके सारे करताना रॉबर्ट यांची रोजची नोकरी अभियंत्याचीच होती. नद्या, बंदरे, दीपगृहे यांची कामे ते करत राहिले. १८८९ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर खोल पाण्याचे बंदर कोठे असावे, हे ठरवणाऱ्या मंडळाचे ते प्रमुख होते आणि मंडळाने गॅल्व्हेस्टनची निवड केली. १८९० पासून वर्ष-दीड वर्ष ते राजधानी वॉशिंग्टनच्या कारभारात अभियंता आयुक्त होते. १८९५ मध्ये हेलन गेल्या. १९०१ मध्ये ३० एप्रिलला ते ब्रिगेडियर जनरल हुद्द्यासह अभियंता दलाचे प्रमुख झाले आणि दोनच दिवसांनी, ६४ व्या वाढदिवशी, निवृत्त. त्याच वर्षी त्यांनी इझाबेल होगलंड यांच्याशी दुसरा विवाह केला.

निवृत्ती नावापुरतीच ठरली. ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळाने गॅल्व्हेस्टन उद्ध्वस्त केले होते. किमान ६००० माणसे एका रात्रीत गेली. तटाच्या भिंतीची कल्पना त्या शहराला नवी नव्हती. शेजारचे इंडियानोला बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांत नामशेष झाले, तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्ये भिंतीचा विषय निघाला आणि भय ओसरल्यावर मागे पडला. आता शहराने तीन अभियंत्यांचे मंडळ नेमले. रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि हेन्री रिप्ली. मंडळाने १९०२ मध्ये १७ फूट उंचीची, तीन मैलांहून लांब काँक्रीटची भिंत सुचवली आणि सोबत अख्ख्या शहराची जमीन भर घालून उंच करायला सांगितले. भिंतीचा पहिला टप्पा १९०४ मध्ये पुरा झाला. त्यानंतर दोन हजारांहून अधिक इमारती जॅकवर उचलून खाली वाळू भरण्यात आली. तीन हजार टनांचे सेंट पॅट्रिक चर्चही असेच पाच फूट वर उचलले गेले. ऑगस्ट १९१५ मध्ये तशाच ताकदीचे वादळ पुन्हा आले. भिंतीमागचे शहर या वेळी वाचले. सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली तेही हेच वर्ष. रॉबर्ट तेव्हा ७८ वर्षांचे होते.

त्यापुढेही ते थांबले नाहीत. नवशिक्यांसाठी 'पार्लमेंटरी प्रॅक्टिस' १९२१ मध्ये आले. आजवर साठलेल्या प्रश्नांची सविस्तर उत्तरे असलेला 'पार्लमेंटरी लॉ' हा जाडजूड ग्रंथ १९२३ मध्ये निघाला. या लेखनात इझाबेल त्यांच्या मदतनीस होत्या. त्याच वर्षी ११ मे रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॉर्नेल येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले. पुस्तकाचे काम पुढे कुटुंबानेच चालवले. सून सारा कॉर्बिन रॉबर्ट यांनी १९७० ची मोठी आवृत्ती सिद्ध केली, नातू हेन्री रॉबर्ट तिसरे यांनी पुढच्या आवृत्त्यांत हात घातला. बारावी आवृत्ती २०२० मध्ये आली. खिशात मावणाऱ्या पुस्तिकेची पाने आता सातशेवर गेली आहेत. फेरविचार मागण्याचा हक्क तीतही जिंकलेल्या बाजूकडेच आहे.